अनिता अवचट

डॉ. अनिता अवचट (निधन : १० फेब्रुवारी १९९७) या महाराष्ट्रातील मानसोपचारतज्ज्ञ आणि पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांच्या पुस्तकांमधून त्या मराठी वाचकांना सुनंदा या नावाने परिचित आहेत. येरवडा येथील मनोरुग्णालयात शासकीय सेवेत असताना २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी त्याच आवारात हे केंद्र सुरू केले. दारू आणि अन्य मादक पदार्थांचे व्यसन हा उपचारांनी आटोक्यात ठेवता येणारा आजार आहे, ही भूमिका महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. रुग्णावर विश्वास टाकणे, केंद्राचे दैनंदिन काम रुग्णांच्याच हाती सोपविणे, व्यसनातून बाहेर पडलेल्यांना उपचारकाच्या भूमिकेत आणणे आणि कुटुंबीयांना उपचारांत सामील करून घेणे ही त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीची ठळक वैशिष्ट्ये होत.

शिक्षण आणि कौटुंबिक जीवन

अनिता अवचट यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अनिल अवचट हेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. अनिल अवचट यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील ओतूरचा. डॉक्टरीची पदवी मिळाल्यानंतरही त्यांचा ओढा सामाजिक चळवळी आणि लेखन यांकडेच राहिला. युवक क्रांती दलाच्या कामात ते सहभागी होते आणि पुढे हमाल, विडी कामगार, भटके-विमुक्त अशा उपेक्षित समूहांविषयीच्या लेखनाने त्यांची ओळख निर्माण झाली.

या दांपत्याने संसाराची वाटणी त्या काळाच्या रूढीपेक्षा वेगळी केली. घर चालविण्यापुरते उत्पन्न अनिताताईंच्या नोकरीतून यावे आणि अनिल अवचट यांनी पूर्ण वेळ लेखन व सामाजिक कामास द्यावा, असे उभयतांनी ठरविले. घरकाम आणि मुलींचे संगोपन यांत अनिल अवचट यांचा वाटा मोठा होता. राहणी साधी होती. दोन्ही मुलींना त्यांनी महापालिकेच्या मराठी शाळेत घातले. पुढे मुक्तांगणासारखे अनिश्चित स्वरूपाचे काम हाती घेताना गरजा कमी ठेवण्याची ही सवय त्यांना उपयोगी पडली.

येरवडा मनोरुग्णालयातील सेवा

वैद्यकीय पदवीनंतर अनिताताईंनी मानसोपचार हे क्षेत्र निवडले आणि येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात त्या रुजू झाल्या. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांसह हे महाराष्ट्र शासनाच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक असून त्यात दोन हजारांहून अधिक खाटांची सोय आहे. त्या काळी मानसिक आजारांबाबत देशात १९१२ चा कायदा लागू होता. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्य कायदा १९८७ साली संमत झाला आणि १९९३ पासून अमलात आला. जुन्या कायद्याचा भर रुग्णाला समाजापासून अलग ठेवण्यावर होता. उंच भिंती, कुलूपबंद कक्ष आणि नातेवाइकांनी पाठ फिरविलेले रुग्ण हे देशातील बहुतेक मनोरुग्णालयांचे चित्र होते.

अशा रुग्णालयांत दारूचे व्यसन जडलेले लोकही दाखल होत. त्यांच्या शरीरातील दारूचा अंमल उतरविला जाई, झोप व भूक पूर्ववत होई आणि त्यांना घरी पाठविले जाई. काही आठवड्यांत त्यांतील अनेक जण पुन्हा त्याच अवस्थेत दाखल होत. शरीर बरे करून पाठविलेला माणूस पुन्हा पुन्हा का परततो, हा प्रश्न मनोरुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरपुढे असे. अनिताताईंच्या पुढील कामाचा रोख याच प्रश्नाकडे राहिला.

पार्श्वभूमी

मराठी समाजात दारूच्या व्यसनाची चर्चा जुनी आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा हुशार वकील दारूच्या आहारी जातो, शपथेवर दारू सोडतो, मात्र जगाकडून अवहेलना वाट्याला येताच पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसन सुटल्यानंतरचा काळ सर्वांत नाजूक असतो आणि केवळ शपथेच्या बळावर तो निभावत नाही, ही गोष्ट गडकऱ्यांनी नाट्यरूपात मांडली होती. त्या वेळी सुधाकरासारख्या माणसाला न्यावे असे एकही उपचारकेंद्र नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचा भर कायद्यावर राहिला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. पुढे त्याची धार कमी झाली, तरी परवान्याची पद्धत कायम राहिली. विदर्भात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. कायद्याने दारूची उपलब्धता कमी होऊ शकते. ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे, त्याच्या उपचारांची सोय मात्र कायद्यातून होत नाही.

उपचारांचा विचार पाश्चात्त्य देशांत आधी सुरू झाला. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनग्रस्तांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. व्यसनग्रस्ताला व्यसनग्रस्तच समजून घेऊ शकतो, हे तिचे मूलतत्त्व. १९४८ साली डेन्मार्कमध्ये डायसल्फिरम या औषधाचा दारू सोडविण्यासाठी उपयोग पुढे आला. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. भारतात शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यासक्तीमुळे झालेल्या मृत्यूनंतर १९८० साली चेन्नई येथे टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान स्थापन केले. देशातील व्यसनमुक्तीच्या आरंभीच्या संस्थांमध्ये त्याची गणना होते.

मुक्तांगणाची स्थापना

१९८० नंतरच्या दशकात मुंबई आणि पुणे येथील तरुणांमध्ये ब्राउन शुगर, अर्थात गर्द, या हेरॉइनच्या अशुद्ध प्रकाराचे व्यसन झपाट्याने पसरले. केंद्र शासनाने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्याच सुमारास अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांना आणि त्यांच्या कुटुंबांना भेटून लेखमाला लिहिली. ती पुढे 'गर्द' या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

हे लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही केले पाहिजे, अशी इच्छा त्यांनी अवचट दांपत्याजवळ व्यक्त केली आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. अनिल अवचट यांच्या लेखनाने प्रश्न समोर आणला होता. उपचारांची योजना आखणे आणि ती प्रत्यक्ष चालविणे ही जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या अनिताताईंवर आली. मनोरुग्णालयाच्या आवारातील एक इमारत वापरण्यास शासनाची परवानगी मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते केंद्राचे उद्घाटन झाले.

ही जागा दुधारी होती. मनोरुग्णालयाच्या आवारात शिरणे म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात जाणे, अशी लोकभावना होती आणि त्यामुळे रुग्ण व नातेवाईक बिचकत. दुसरीकडे, शासकीय आवारामुळे आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या सान्निध्यामुळे अत्यल्प खर्चात केंद्र उभे राहू शकले. कुलूप आणि भिंती यांच्या आवारात राहूनच त्यांच्याविना चालणारे केंद्र उभारणे, हे अनिताताईंपुढील पहिले आव्हान होते.

गर्दच्या रुग्णांसाठी सुरू झालेल्या या केंद्रात दारूचे रुग्णही येऊ लागले आणि कालांतराने त्यांचेच प्रमाण अधिक झाले. गर्दची बातमी होत असे. दारूने होणारा ऱ्हास सावकाश आणि घराच्या चार भिंतींआड होत असल्याने तो बातमीत येत नसे. व्याप्तीने मात्र तो कितीतरी मोठा होता.

उपचारपद्धती

दाखल होण्याची अट

रुग्णाच्या स्वतःच्या तयारीवर मुक्तांगणाच्या उपचारांचा पाया आहे. नातेवाइकांनी बळजबरीने आणलेल्या माणसाशी आधी बोलणे होते आणि त्याची संमती मिळविण्याचा प्रयत्न केला जातो. ही अट दिसते त्याहून अवघड आहे, कारण आपल्याला व्यसन नाही, मनात आणले तर केव्हाही सोडू शकतो, असे मानणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे. त्यामुळे संमतीपर्यंत पोहोचविणारा संवाद हाच उपचारांचा पहिला टप्पा ठरतो. त्यात दोषारोप आणि उपदेश यांना स्थान नसते.

शारीरिक उपचार

दीर्घकाळ रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबविली तर शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटतात. शेवटच्या पेयानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता आणि निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात. दोन-तीन दिवसांनंतर काही रुग्णांना भ्रम होतो, नसलेल्या वस्तू दिसतात, आवाज ऐकू येतात, स्थळकाळाचे भान सुटते. या अवस्थेत वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. म्हणूनच जुन्या मद्यपीला खोलीत कोंडून दारू बंद करण्याचा घरगुती उपाय धोकादायक असतो.

हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडावा लागतो. कंप आणि झटके आटोक्यात ठेवणारी शामक औषधे हळूहळू कमी करीत दिली जातात. दारूमुळे शरीरातील ब१ जीवनसत्त्व घटलेले असते आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ते पुरविले जाते. यकृताची तपासणी होते. नैराश्यासारखा अन्य मानसिक आजार असल्यास त्यावरही उपचार करावे लागतात. हे सारे साधारणपणे एक-दोन आठवड्यांत आटोपते. मनोरुग्णालयाच्या अनुभवातून अनिताताईंना ठाऊक होते की, अनेक ठिकाणी उपचार येथेच संपतात आणि अपयशही येथूनच सुरू होते.

समुपदेशन आणि गट

शारीरिक त्रास शमल्यानंतरचा काळ मुक्तांगणात उपचारांचा मुख्य भाग मानला जातो. आता निवासी उपचारांचा कालावधी साधारण पाच आठवड्यांचा आहे. या काळात वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा, व्यसनाविषयीची माहितीसत्रे, योगासने, ध्यान आणि संगीत यांचा समावेश असतो. गटात प्रत्येक जण आपली हकिकत सांगतो. घरातून चोरलेले पैसे, मोडलेली वचने, मुलांच्या डोळ्यांतील भीती या गोष्टी प्रथमच मोठ्याने उच्चारल्या जातात. ऐकणाऱ्यांनाही त्या अनोळखी नसतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या तत्त्वांचा, विशेषतः आजचा एक दिवस व्यसनाविना काढायचा या विचाराचा, येथे उपयोग केला जातो.

रुग्णांवरील जबाबदारी

केंद्राची साफसफाई, स्वयंपाकघरातील मदत, नव्या रुग्णांची देखभाल आणि दिनक्रमाचे नियोजन ही कामे रुग्णांनीच करावयाची, हा मुक्तांगणाचा प्रघात आहे. व्यसनी माणसावर घरात कोणी विश्वास ठेवीत नाही. त्याच्या हाती पैसे देत नाहीत, काम सोपवीत नाहीत. अनेक वर्षे असे गेल्यावर स्वतःवरचा विश्वासही त्याच्यापाशी उरत नाही. म्हणून जबाबदारी देणे हाच अनिताताईंनी उपचार मानला. विश्वास टाकल्यावर कधी फसगत होणार, हे गृहीत धरून त्यांनी ही जोखीम पत्करली होती.

याच विचारातून व्यसनमुक्त झालेल्या रुग्णांना केंद्रात कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून घेण्यास सुरुवात झाली. नव्याने दाखल झालेल्या, थरथरणाऱ्या रुग्णाला समोर बसलेला माणूस एके काळी याच खाटेवर होता हे कळले, की त्याचा प्रतिकार ओसरतो. मुक्त झालेल्या माणसालाही दुसऱ्याला सावरताना स्वतःचा तोल सांभाळण्याचे कारण मिळते. रुग्ण त्यांना 'मॅडम' म्हणत.

कुटुंबीयांसाठीचे काम

दारूच्या व्यसनाचा ताण घरातील सर्वांवर पडतो. पत्नी नवऱ्याच्या गैरहजेरीबद्दल कारखान्यात खोटी कारणे सांगते, त्याची उसनवारी फेडते आणि शेजाऱ्यांपासून सारे लपविते. तिच्या या धडपडीमुळे घर तरते, पण व्यसनाचे परिणामही नवऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. नवरा दारू सोडून परतल्यावरही संशय लगेच जात नाही. तो उशिरा आला की तोंडाचा वास घेतला जातो, आणि त्या संशयाने तोही बिथरतो. म्हणून रुग्णाबरोबरच कुटुंबालाही उपचारांची गरज असते.

मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. त्यात स्त्रिया आपले अनुभव सांगतात, व्यसन हा आजार आहे हे समजून घेतात आणि नवऱ्याच्या पिण्याचा दोष आपल्याकडे नाही हे एकमेकींकडून शिकतात. नवऱ्याने दारू सोडली नाही तरी स्वतःचे आणि मुलांचे आयुष्य कसे सावरावे, याचाही विचार होतो. मारहाण सहन करणे हा समजूतदारपणा नव्हे, हे स्पष्टपणे मांडले जाते.

पाठपुरावा आणि व्यसनाचे पुनरागमन

केंद्रातून घरी गेल्यावर पहिले काही महिने सर्वांत कठीण असतात. जुने मित्र, पगाराचा दिवस, लग्नाची वरात, घरातील भांडण यांपैकी कोणतेही निमित्त पुरते. यासाठी रुग्णांनी ठराविक काळाने पुन्हा भेटावे, गटाच्या बैठकांना यावे, अशी व्यवस्था मुक्तांगणाने बसविली. पुण्याबाहेरच्या रुग्णांसाठी अन्य शहरांतही पाठपुराव्याच्या बैठका होऊ लागल्या. व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाल्यावर रुग्णाचा कुटुंबासमवेत गौरव केला जातो.

पुन्हा पिऊ लागलेल्या रुग्णासाठी दार बंद करावयाचे नाही, हे या पद्धतीतील सर्वांत वादाचे, तरीही सर्वांत महत्त्वाचे तत्त्व आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर डॉक्टर त्याला हाकलून देत नाहीत. व्यसनाबाबत मात्र घसरण म्हणजे कृतघ्नता, असे कुटुंबाला आणि कधीकधी उपचारकांनाही वाटते. दारूवरील अवलंबित्व हा पुन्हा उलटू शकणारा दीर्घकालीन आजार आहे, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. घसरलेला माणूस लाजेने दूर राहिला तर त्याची घसरण वाढते, आणि लगेच परतला तर ती लवकर थांबते. काही जण परत आलेच नाहीत आणि काहींचे मृत्यूही झाले. अनिताताईंच्या कामाचा हा क्लेशदायक भाग होता.

आजारपण आणि निधन

मुक्तांगणाचे काम वाढत असतानाच अनिताताईंना कर्करोगाने ग्रासले. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार सुरू असतानाही त्यांनी केंद्रातील काम सोडले नाही. स्वतः गंभीर आजारी असलेली डॉक्टर रोज कामावर येते, हे रुग्णांना दिसत होते. अनेक वर्षे आजाराला तोंड दिल्यानंतर १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम साडेदहा वर्षे झाली होती. एका व्यक्तीच्या जिव्हाळ्यावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या व्यक्तीनंतर बहुधा ओसरतात. मुक्तांगणाबाबत तसे झाले नाही. केंद्र चालविण्याची जबाबदारी त्यांनी आरंभापासूनच रुग्ण आणि व्यसनमुक्त कार्यकर्ते यांच्यात वाटून दिली होती. रुग्णांना सावरण्यासाठी वापरलेली ही रीतच संस्थेलाही सावरणारी ठरली.

वारसा

अनिताताईंच्या पश्चात अनिल अवचट आणि कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सहकाऱ्यांसह काम पुढे नेले. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या मुक्ता पुणतांबेकर या केंद्राच्या संचालक आहेत. केंद्र पुढे येरवडा परिसरातच स्वतःच्या इमारतीत गेले. व्यसनाधीन स्त्रियांसाठी २००९ साली 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. दारू पिणाऱ्या स्त्रियांना समाजात दुहेरी कलंक सोसावा लागतो आणि त्यामुळे त्या उपचारांसाठी फार उशिरा येतात. त्यांच्यासाठी वेगळ्या निवासी सोयीची गरज होती. केंद्र शासनाने अन्य संस्थांतील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यासाठी मुक्तांगणास प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणूनही मान्यता दिली.

अनिल अवचट यांनी 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात संस्थेची वाटचाल सांगितली आहे. 'सुनंदाला आठवताना' हे त्यांचे पुस्तक अनिताताईंच्या स्मृतींना वाहिलेले आहे. अनिताताईंच्या स्मरणार्थ दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत समाजासाठी काम करणाऱ्या व्यक्तींची त्यासाठी निवड होते. अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले.

उपचारांची सद्यःस्थिती

अनिताताईंनी काम सुरू केले तेव्हा दारू सोडू इच्छिणाऱ्यापुढे फारसे पर्याय नव्हते. त्यांत पुढील काळात वाढ झाली. दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध १९९४ साली अमेरिकेत या उपयोगासाठी मान्य झाले. पुढे अ‍ॅकॅम्प्रोसेट या औषधाची भर पडली. जुने डायसल्फिरम आजही वापरात आहे. त्यावर असताना दारू घेतल्यास तीव्र त्रास होतो. म्हणून ते रुग्णाच्या माहितीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावयाचे असते. रुग्णाला न सांगता जेवणातून किंवा चहातून ते देणे जिवावर बेतू शकते. ज्यांचे पिणे अवलंबित्वापर्यंत पोहोचलेले नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांशी झालेला थोडक्या वेळाचा संवादही उपयोगी ठरतो. प्रत्येकाला निवासी केंद्राची गरज असतेच असे नाही. अनेकांवर बाह्यरुग्ण विभागातून उपचार होऊ शकतात.

उपचारांची गरज आणि त्यांची पोच यांतील अंतर मात्र मोठे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांमागे केवळ एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्यात आढळले.

ग्रामीण भागात हे अंतर अधिक जाणवते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावापासून पुणे चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. शेतमजुराला किंवा लहान शेतकऱ्याला पाच आठवडे रोजगार सोडून तेथे राहणे सोपे नाही. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे. अशा ठिकाणच्या रुग्णासाठी उपचारांची सुरुवात तालुक्याच्या शासकीय रुग्णालयातून आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून होऊ शकते. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू मानसोपचार जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आणणे हाच आहे. व्यसनमुक्तीविषयी माहिती आणि समुपदेशनासाठी केंद्र शासनाची १४४४६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना शुल्क नसते आणि त्यांत सहभागी होणाऱ्याची ओळख उघड केली जात नाही.

केंद्राची निवड करताना तेथे डॉक्टर उपलब्ध आहेत का, दाखल करण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते का, मारहाण व कोंडून ठेवणे यांना बंदी आहे का, कुटुंबीयांना भेटता येते का आणि घरी गेल्यानंतर पाठपुरावा होतो का, या बाबी पाहणे आवश्यक मानले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारांच्या व्याख्येत केला असून अशा रुग्णांना सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क दिला आहे. येरवड्याच्या आवारात १९८६ साली अनिताताईंनी रुग्णाचा सन्मान हाच उपचारांचा आरंभ मानला होता. देशाच्या कायद्यात तो हक्क म्हणून येण्यास त्यानंतर तीन दशके लागली.